शनिवार साताऱ्याचा, रविवार कासचा

सबमिशन संपलं की होस्टेलच्या कट्ट्यावर दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीला शहर हवं असतं, म्हणजे बाजार, खाणं, जुने वाडे. दुसरीला डोंगर. वादात शनिवार जातो आणि रविवारी सगळे मेसमध्येच सापडतात! दोन्ही पार्ट्यांना चालेल असं ठिकाण म्हणजे सातारा. इथे शहर आणि डोंगर एकमेकांना धरून आहेत. कसे, ते पुढे येईलच.

शनिवार : शहर आणि किल्ला

सातारा पुण्याहून सुमारे ११० किलोमीटर, कोल्हापूरहून साधारण १२५. पहाटेची एस्टी धरली की सकाळीच पोहोचता. स्टँडजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आणलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये प्रथम इथेच मांडली होती. तिथून राजवाडा आणि मोती चौक चालत फिरायचं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्यात झाला आणि हे गाव राजधानी बनलं. पेठांमधून फिरताना ते जाणवतं. कंदी पेढे घ्या, पण रूम पार्टनरसाठी थोडे उरवा.

ऊन उतरलं की अजिंक्यतारा. शहरापासून चढ जेमतेम ३०० मीटरचा, त्यामुळे नवख्यांनाही जमतो. सिव्हिलवाल्यांनी तटाकडे नीट बघावं. १७०० सालच्या वेढ्यात औरंगजेबाच्या सैन्याने तटाखाली सुरुंग पेरले. त्यातल्या एकाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि मोगलांचीच माणसं मोठ्या संख्येने दगडांखाली गेली. माथ्यावरून खाली सगळं शहर दिसतं आणि समोर यवतेश्वरचा डोंगर. उद्याचा रस्ता तिकडूनच जातो.

रविवार : कास

कास पठार शहरापासून सुमारे २५ किलोमीटर. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यात कासही आहे.

इथे एवढी फुलं का? पठार जांभ्या दगडाचं आहे. वर मातीचा थर अगदी पातळ, त्यामुळे मोठी झाडं रुजत नाहीत आणि पावसाळ्यात सगळी जागा छोट्या रोपांना मिळते. मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदूसारख्या वनस्पती चिकट पानांवर किडे पकडून ती कमतरता भरून काढतात. सीतेची आसवं हे निळं-जांभळं नाजूक फूलही कीटकभक्षीच! टोपली कारवी मात्र साधारण सात वर्षांतून एकदा फुलते.

आता मुद्द्याचं. यातली बरीच रोपं एका हंगामाची असतात. फूल, मग बी, आणि संपलं. फोटोसाठी सातआठ जण फुलांत बसले तर बी धरण्याआधीच रोपं चिरडतात आणि पुढच्या वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही. म्हणून हंगामात दिवसाला ठराविकच लोकांना सोडतात आणि बुकिंग आधी करावं लागतं. आसपासच्या गावांच्या समित्या ही व्यवस्था बघतात. त्यांनी हटकलं तर वाद घालू नका.

पठारापुढेच कास तलाव आहे. त्याचं पाणी उताराने साताऱ्यात येतं. म्हणजे शनिवारी तुम्ही शहरात जे पाणी प्यालात, त्यातलं काही इथलंच असू शकतं. वेफर्सची पाकिटं काठावर टाकताना एवढं आठवलं तरी पुरे.

जाण्याआधी

चारसहा जणांचाच ग्रुप करा. रेनकोट, चांगल्या ग्रिपचे बूट आणि कॉलेजचं आयकार्ड घ्या. पावसात तटाच्या कडेला आणि दरीच्या टोकाला जाऊ नका. जांभा ओला झाला की फार निसरडा होतो. हंगाम नसेल तर कासच्या पुढे बामणोलीला जा. तिथे शिवसागर जलाशय आहे.

आणि परतीची शेवटची एस्टी किती वाजता, ते जातानाच चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा. सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल असतं!