पळस फुललेला आदिलाबाद आणि वसंतातील पक्षी

पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांना लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात कापसाची काळी शेते, गवताळ माळ आणि सागाची पानगळीची जंगले एकमेकांना भिडत असल्यामुळे वसंतात एकाच सकाळी भिन्न अधिवासांतील, म्हणजे नैसर्गिक वसतिस्थानांतील, पक्षी पाहता येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की पूर्व युरोप व मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या भोरड्या, म्हणजे गुलाबी-काळ्या पळसमैना, मधुरसासाठी थव्याने उतरतात. माळावर जमिनीलगत संथ तरंगत भक्ष्य शोधणारा भोवत्या हा लांब पंखांचा शिकारी पक्षीही हिवाळी पाहुणाच असून उन्हाळा चढू लागताच तो उत्तरेकडे परततो. निवासी चंडोल मात्र जमिनीवरच घरटे करीत असल्याने निरीक्षकाने गवत न तुडवता बांधावरूनच चालणे इष्ट ठरते.