आवाज फुटतो म्हणजे काय होतं?

दोस्तांनो, सातवीच्या वर्गात हजेरी घेताना मोठी गंमत असते. ‘हजर, गुरुजी’ म्हणताना कुणाचा आवाज घोगरा निघतो, मध्येच चिरकतो अन् सगळा वर्ग फिदीफिदी हसतो. हसणाऱ्यांनो, जरा थांबा. पुढचा नंबर तुमचाच आहे!

ही सगळी करामत संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. मेंदूतून इशारा आला की ती रक्तात संप्रेरकं सोडते. पोस्टमन गावभर फिरतो, पण पत्र ज्याचं त्यालाच देतो ना? तसंच हे. मुलींच्या अंडाशयाला निरोप पोचला की इस्ट्रोजेन तयार होऊ लागतं, मुलांच्या वृषणांना पोचला की टेस्टोस्टेरॉन. या टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. लांब-जाड तारेचा सूर खाली उतरतो, तसा आवाजही उतरतो. नव्या तारांवर ताबा यायला काही महिने लागतात, एवढंच. मिसरूड, काखेतले केस, मुरमं, मुलींच्या छातीची वाढ ही सगळी याच निरोपांची कामं. काही मुलांच्याही छातीला थोडी सूज येते. ती बहुधा आपोआप जाते, घाबरू नका.

‘त्याला मिशी आली, मला का नाही?’ आमच्या पुसेगावच्या शिवारात सोयाबीन अन् तूर एकाच पावसावर पेरतात. सोयाबीन दसरा-दिवाळीला घरी येतं, तूर संक्रांतीच्या सुमाराला. म्हणून तुरीला कुणी नापास करतं का? मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ व्या वर्षी सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४ व्या.

मला राग येतो तो काही शब्दांचा. पाळी आली की म्हणे ‘कावळा शिवला’! कावळ्याचा काय संबंध? गर्भाशयात दर महिन्याला तयार होणारं अस्तर गळून पडतं, ती पाळी. तिच्यामुळे लोणचं नासत नाही. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. लाजून अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातलं की जंतूंचं फावतं. मुलांना झोपेत वीर्य बाहेर पडतं, त्याला लोक ‘स्वप्नदोष’ म्हणतात. त्यात दोष कसला? अशक्तपणाही येत नाही. भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींना पैसे देऊ नका.

अशा प्रश्नांची उत्तरं र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात छापत. त्यापायी त्यांना कोर्टात ओढलं गेलं. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! आज तुम्हाला प्रश्न विचारायला कोर्टाची भीती नाही. आई, मोठी ताई, बाई-गुरुजी किंवा आशाताईंना विचारा.

आणि मुलीला पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा चौदा उलटूनही मुलात काहीच बदल नसला, तर डॉक्टरांना दाखवायचं. जाताना आई किंवा बाबांना सोबत न्या.