वडाखालचा बाजार

हवाई बेटांपैकी माउई बेटावर लहायना नावाचे गाव आहे, आणि त्या गावात एक वड आहे. २४ एप्रिल १८७३ रोजी तो लावला गेला, तेव्हा जेमतेम आठ फुटांचा होता. आणला होता भारतातून. पारंब्या रुजत रुजत त्याची सोळा मोठी खोडे झाली आणि त्याच्या सावलीत स्थानिक चित्रकार-कारागीर सुट्टीच्या दिवशी आपला माल मांडू लागले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी लहायना जळाले. वड होरपळला, पण महिन्या-दीड महिन्यात त्याला पालवी फुटली. त्या पालवीची छायाचित्रे जगभर छापून आली. वडाखालच्या बाजाराचे काय झाले, हा प्रश्न मात्र मागे पडला.

लहायनाने पोट भरण्याचे साधन अनेकदा बदलले आहे. १८२० ते १८४५ या काळात ते हवाईच्या राज्याची राजधानी होते, देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांचे बंदरही होते. पुढे ऊस आला. १९९९ मध्ये साखर कारखाना बंद पडला आणि पर्यटन हाच मुख्य आधार उरला. उसाच्या पडीक रानांत परदेशी गवत माजले होते. जोराच्या वाऱ्यात तुटलेल्या वीजतारांमुळे ठिणगी पडली, तेव्हा तेच वाळलेले गवत पेटले. १०२ माणसे गेली, २,२०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या.

दुकानदाराचे नुकसान म्हणजे जळालेला माल, अशी आपली समजूत असते. समुद्राकाठच्या फ्रंट स्ट्रीटवरचे बहुतेक दुकानदार भाडेकरू होते. विम्यातून मालाचे पैसे मिळतील, पण इमारत पुन्हा बांधायची की नाही, हे ठरवणार जागेचा मालक. त्यालाही किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, ऐतिहासिक परिसराचे निर्बंध आणि नादुरुस्त सांडपाणी व्यवस्था यांतून वाट काढायची. म्हणून आधी घरे उभी राहू लागली, बाजारपेठ मागे राहिली. केंद्र सरकारच्या लघुउद्योग प्रशासनाने व्यवसायांना चार टक्के व्याजाने, तीस वर्षांपर्यंतच्या मुदतीची आपत्ती-कर्जे देऊ केली. पहिले वर्षभर हप्ता नाही, व्याजही नाही. तरी कर्ज ते कर्जच. ज्याला दुकान कुठे थाटायचे हेच ठाऊक नाही, त्याने ते कशाच्या भरवशावर घ्यावे?

दुसरा फटका जळालेल्या हद्दीबाहेर बसला. आगीनंतर पर्यटकांना परत जायला सांगण्यात आले, आणि पश्चिम माउई ८ ऑक्टोबरपर्यंत त्यांच्यासाठी बंद राहिले. परिणाम असा झाला, की सगळे माउईच बंद आहे असे बाहेरच्यांना वाटले. किहेई, वायलेआ हे भाग सुखरूप असूनही ओस पडले. बेरोजगारी आठ टक्क्यांवर गेली. ज्यांच्या दुकानाला धगही लागली नव्हती, त्यांचाही गल्ला रिकामा राहिला.

तिसरी अडचण घरांची. बेघर झालेली हजारो माणसे हॉटेलांत राहिली, भाडी चढली, अनेक कुटुंबे बेट सोडून गेली. वाढपी, आचारी, नावाडी राहणार कुठे? २०२४ मध्ये महापौर रिचर्ड बिसेन यांनी पर्यटकांना अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या सुमारे सात हजार सदनिका स्थानिकांच्या वापरासाठी मोकळ्या करण्याचा प्रस्ताव मांडला. छोट्या व्यावसायिकाची इथे कोंडी होते. त्याच्या कामगाराला घर हवे, आणि त्या घरात उतरणारा पाहुणा हे त्याचे गिऱ्हाईक. कामगार नसेल तर दुकान उघडत नाही. गिऱ्हाईक नसेल तर उघडून उपयोग नाही.

मग सावरले कोण? फ्रंट स्ट्रीटच्या उत्तर टोकाला ज्यांची जागा आगीतून वाचली, ते आधी सावरले. माला ओशन टॅव्हर्न हे उपाहारगृह फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि ओल्ड लहायना लुआऊ हा मेजवानी-नृत्याचा कार्यक्रम मार्चमध्ये सुरू झाला. काही बोटवाल्यांनी मालाएआ बंदरातून सफरी चालवल्या. कलाकारांनी दुसरीकडे मांडणी केली. पाहुण्यांचा आकडा मात्र पूर्वपदावर आला नाही: २०१९ मध्ये माउईवर सुमारे तीस लाख पाहुणे आले होते, २०२४ मध्ये चोवीस लाखांहून कमी. उद्या तो आकडा भरून निघाला, तरी गाव सावरले असे त्यावरून ठरवता येणार नाही. ते पाहुणे कोणाच्या दुकानात शिरतात आणि त्या दुकानाचा मालक रात्री बेटावरच झोपतो का, हेही मोजावे लागेल.

वड जगावा म्हणून लोकांनी त्याला टँकरने पाणी घातले, खत दिले, मेलेल्या फांद्या काढल्या. ते सारे कामी आले, कारण वडाची मुळे जागेवर होती आणि त्याला तिथून कोणी उठवणार नव्हते. त्याच्या सावलीत बसणाऱ्यांपाशी तेवढी एक गोष्ट नव्हती.