न्यायाधीश जे बोललेच नाहीत

न्यूयॉर्कमध्ये आरोपींची वकिली करताना मी तुरुंगाला पाठवलेल्या हुकमाआधी शिक्षेच्या दिवशीचं कोर्टातलं शब्दन् शब्द टिपण वाचते. न्यायाधीशांनी आरोपीसमोर उच्चारली तीच शिक्षा.

१९९८च्या कायद्याने हिंसक गुन्ह्यांत सुटकेनंतर काही वर्षं देखरेख सक्तीची केली. अधिकाऱ्याकडे हजेरी, ठरल्या वेळी घरी. अट मोडली की पुन्हा तुरुंग. बऱ्याच न्यायाधीशांनी ही देखरेख सुनावलीच नाही, आणि तुरुंग खात्याने परस्पर कागदावर चढवली. एकाला कोर्टात सहा वर्षं कैद सांगितली होती. खात्याने वर पाच वर्षांची देखरेख लावली. २००६मध्ये संघीय अपील न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. खरं तर कारकुनाला शिक्षेत भर घालता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६मध्येच सांगितलं होतं!

२००८च्या कायद्याने दुरुस्तीची वाट दिली: कैद्याला परत कोर्टात आणायचं, वकील द्यायचा, शिक्षा नव्याने सुनावायची. सरकारी वकील राजी असेल तर देखरेखीविनाही.

मूळ कैद भोगून सुटलेल्यांवर मात्र देखरेख नव्याने लादता येणार नाही, असं राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१०मध्ये ठरवलं. काहींना ही पळवाट वाटते. मला मुळीच नाही. सुटलेल्या माणसाने घर भाड्याने घेतलेलं असतं, तो कामाला लागलेला असतो. सरकारच्या विसराळूपणाची किंमत त्याने का मोजावी?