टाकाऊ उष्णतेचे मोल

कारखान्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेचे मोल केवळ तिच्या परिमाणावर ठरत नाही. ते तिच्या तपमानावरही अवलंबून असते. परिसराचे तपमान 30 अंश सेल्सिअस असता 100 अंशांवर मिळणाऱ्या उष्णतेपैकी, कार्नोच्या सिद्धान्तानुसार, फार तर 19 टक्क्यांचे कार्यात रूपांतर होऊ शकते. सबब अशी उष्णता शेजाऱ्यास उष्णता म्हणूनच देणे श्रेयस्कर होय.

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे आस्नेस औष्णिक विद्युत्केंद्राने 1981-82 च्या सुमारास नगरातील घरांना उष्णता आणि तेलशुद्धीकरण व औषधनिर्मितीच्या कारखान्यांना वाफ पुरविण्यास प्रारंभ केला. टर्बाइनमधून वाफ मध्येच काढल्याने वीज काहीशी घटते. परंतु एरवी शीतक जलाबरोबर समुद्रास मिळणारी उष्णता उपयोगी पडते. अंतर थोडे असल्यामुळेच हे साधले. लांबच्या नळात उष्णता वाटेतच लोपते.

कर्ब-उत्सर्जनातील बचत मोजताना मात्र ग्राहकाच्या बॉयलरमधील कोणते इंधन वाचले, हे पाहून त्यातून घटलेल्या विजेचा भार वजा करावा लागतो. शिवाय उष्णता देणारे केंद्रच कोळशावर चालत असेल, तर ते बंद करणे घेणाऱ्यांमुळे अवघड होते. आस्नेस येथे 2020 पर्यंत लाकडाच्या तुकड्यांवर चालणारा संच सुरू झाला. नळ तेच राहिले, तरी बचतीचा हिशेब नव्याने मांडणे प्राप्त झाले.