दुहेरी कवचाची जहाजे

पूर्वी तेलवाहू जहाजांना पोलादाचे एकच कवच असे. आत तेल आणि बाहेर समुद्र. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन वाल्डेझ' हे जहाज अलास्काजवळ खडकावर आदळले. कवच फाटले आणि सुमारे ३७,००० टन तेल समुद्रात सांडले. असंख्य पक्षी मेले. मच्छीमारांचा रोजगार बुडाला.

मग १९९२ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नियम केला. नव्या मोठ्या तेलवाहू जहाजाला दोन कवचे हवीत. त्यांच्यामधल्या जागेत तेल भरायचे नाही. त्यामुळे बाहेरचे कवच फाटले, तरी आतले तेल वाचू शकते.

पण जुन्या जहाजांचे काय करायचे? ती एकदम बंद केली असती, तर तेलाची वाहतूक अडली असती. म्हणून त्यांना वयानुसार मुदत दिली गेली. मुदतीत मालकाने दुसरे कवच बसवावे, नाहीतर जहाज तेलवाहतुकीतून काढून घ्यावे.

'प्रेस्टिज' या जुन्या जहाजाची मुदत २००५ साली संपणार होती. त्याआधीच, नोव्हेंबर २००२ मध्ये, ते स्पेनजवळ दुभंगून बुडाले. किनारे तेलाने काळे झाले. त्यानंतर नियम आणखी कडक झाला आणि बहुतेक जुन्या जहाजांसाठी २०१० ही शेवटची मुदत ठरली.

मुदत देताना मालकाची सोय पाहिली जाते. किनाऱ्यावरच्या माणसांचाही विचार व्हायला हवा.