बॅकस्पेस दाबलं, उमटलं भलतंच

‘पुटी’सारख्या प्रोग्रॅममधून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन केलंत. एक अक्षर चुकलं म्हणून बॅकस्पेस दाबलं, तर अक्षर जागच्या जागी आणि त्यापुढे ‘^एच’ किंवा ‘^?’ अशी खूण. नवखा माणूस कीबोर्ड बदलायला निघतो. बिचारा कीबोर्ड निर्दोष असतो.

गोम अशी की सर्व्हरला तुमची कळ दिसतच नाही, त्याच्याकडे पोचतो तो फक्त एक आकडा. बॅकस्पेससाठी असे दोन आकडे चालत आले आहेत, ८ आणि १२७. अ‍ॅस्की संकेतात ८ म्हणजे छपाईचं मुंडकं एक घर मागे. १२७ची जन्मकथा गमतीची आहे. कागदी पट्टीवर एकदा पाडलेलं भोक बुजवता येत नाही. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही भोकं पाडून टाकायची आणि वाचणाऱ्या यंत्राने ती जागा ओलांडायची. सातही बिट १, म्हणजेच १२७. पुढे काही टर्मिनलांनी ८ उचलला, तर डेक कंपनीच्या १९८३च्या व्हीटी२२० टर्मिनलने १२७. लिनक्स आणि पुटी आज १२७ पाठवतात. काही जुन्या यंत्रणा अजून ८चीच वाट पाहतात.

पासवर्ड टाकताना हा घोळ फार छळतो. पडद्यावर काहीच दिसत नाही, चुकलेलं अक्षर तसंच राहतं, वर एक अदृश्य आकडा पासवर्डात शिरतो. मग आपण आपल्याच स्मरणशक्तीवर संशय घेतो!

निदान सोपं आहे. कंट्रोल-व्ही आणि मग बॅकस्पेस दाबा. ‘^?’ दिसलं तर १२७ जातोय, ‘^एच’ दिसलं तर ८. सर्व्हरला काय हवंय ते ‘एसटीटीवाय -ए’ या आज्ञेच्या उत्तरात ‘इरेझ’पुढे लिहिलेलं असतं. दोन्ही जुळत नसतील तर एक बाजू बदला. पुटीत ही निवड कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मिळते. दोन्ही बाजू एकदम बदलू नका, गोंधळ कायम राहील.

बाणाच्या कळा तर एका आकड्यावर भागवत नाहीत, एस्केपपासून सुरू होणारी आकड्यांची माळच पाठवतात. तिथे बिघाड असेल तर ‘टर्म’ या चलात नोंदलेला टर्मिनलचा प्रकार तपासा. मराठी फाइलचं दुखणं वेगळं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, म्हणजे ‘मराठी’ हा शब्द १५. पुटी जुन्या रोमन संकेतावर असेल तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजला जातो आणि पडद्यावर भलतीच रोमन अक्षरं येतात. तिथे यूटीएफ-८ निवडलं की काम झालं.

आणि पडदा अचानक गोठला तर खिडकी बंद करायची घाई करू नका. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं असेल. टेलिटाइपच्या काळापासून त्याचा अर्थ ‘थांब’ असाच आहे. कंट्रोल-क्यू दाबून पाहा.